'सहाय्यक' कोणाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे?

दरवर्षी डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क शहरातले चित्रपट समीक्षक मतदान करून वर्षातले उत्तम चित्रपट आणि उत्तम कलावंत निवडतात. 'न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कल' असे या संस्थेचे नाव. १९३५ साली ती स्थापन झाली. स्टुडिओचे मालक, निर्माते, नट यांनी आपापसात वाटून घेतलेल्या ऑस्करला हा एक स्वतंत्र पर्याय, अशी तिची प्रतिष्ठा आहे. या संस्थेचा एक पुरस्कार सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीसाठी असतो. १९६९ पासून तो दिला जातो.

आता कोणी म्हणेल, आंबेडकरी कार्यकर्त्यांना न्यूयॉर्कच्या समीक्षकांशी काय देणेघेणे? आमच्याकडे शिष्यवृत्ती अडकलेली आहे, वस्तीवर बुलडोझर येतो आहे, आरक्षणाच्या जागा रिकाम्या ठेवल्या जात आहेत. यात सिनेमाच्या बक्षिसांची चर्चा कशाला? आमचे उत्तर असे की हा प्रश्न सिनेमाचा कमी आणि प्रतिनिधित्वाचा जास्त आहे. कोणाचे काम 'मुख्य' आणि कोणाचे 'सहाय्यक', हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हा तो प्रश्न आहे. बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली १९१९ साली. तेव्हापासून आपण हाच प्रश्न वेगवेगळ्या दारांवर जाऊन विचारतो आहोत.

सदतीस वर्षांची यादी

या पुरस्काराची यादी काढून बघा. पहिल्या वर्षी तो डायन कॅननला मिळाला. त्यानंतर कॅरन ब्लॅक, एलन बर्स्टिन, लिली टॉमलिन, मेरिल स्ट्रीप, जेसिका लँग अशी एकाहून एक मोठी नावे येतात. त्यांच्या अभिनयाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण १९६९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सलग ३७ वर्षे, या यादीत एकही कृष्णवर्णीय अभिनेत्री नाही. पहिले नाव येते ते २००६ साली, जेनिफर हडसनचे, 'ड्रीमगर्ल्स' या चित्रपटासाठी.

हे शहर कोणते, हे विसरू नका. हार्लेम याच शहरात आहे. कृष्णवर्णीयांचे साहित्य, संगीत, नाटक यांचे विसाव्या शतकातले सर्वात मोठे केंद्र. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते हार्लेमला लागूनच आहे. ते तिथे विद्यार्थी असतानाच, मार्च १९१५ मध्ये, 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये लागला. कू क्लक्स क्लानचा गौरव करणारा, गोऱ्या नटांच्या तोंडाला काळे फासून त्यांना कृष्णवर्णीय म्हणून उभे करणारा हा चित्रपट. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने, एनएएसीपीने, त्याविरुद्ध आंदोलन केले. म्हणजे या शहरात चित्रपटातल्या प्रतिमेवरचा लढा शंभर वर्षांहून जुना आहे. कलावंतांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता बघणाऱ्यांच्या नजरेत होती.

हे समीक्षक काही उघड वर्णद्वेषी नव्हते. बहुतेकजण उदारमतवादी, शिकलेले, पुरोगामी वृत्तपत्रांत लिहिणारे. आपल्याकडच्या संपादकांसारखेच. १९९३ मध्ये त्यांनी चीनच्या गाँग लीला हा पुरस्कार दिला, २००३ मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या शोहरे अघदाशलूला दिला. म्हणजे दूरचे त्यांना दिसत होते. जवळचे दिसत नव्हते. ही गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची आहे. आफ्रिकेतल्या वर्णभेदावर अग्रलेख लिहिणारे आपल्या गावच्या पाणवठ्याबद्दल गप्प बसतात, हे आपण किती वेळा पाहिले आहे!

१९८३ सालचा पुरस्कार तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो लिंडा हंट या गोऱ्या अभिनेत्रीला मिळाला. 'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली' या चित्रपटात तिने चिनी वंशाच्या एका पुरुष छायाचित्रकाराची भूमिका केली होती. काम अवघड होते आणि तिने ते समर्थपणे केले. पण प्रश्न उरतोच. आशियाई माणसाची भूमिका गोऱ्या कलावंताने केली तर ती 'कला' ठरते. आशियाई कलावंताने तीच केली तर ते त्याचे 'असणे' ठरते, त्याला बक्षीस कशाचे?

आपल्याकडे याच रीतीला परंपरा म्हणतात. 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये अस्पृश्य मुलगी झाली देविका राणी. 'सुजाता' (१९५९) मध्ये झाली नूतन, आणि तिला फिल्मफेअर मिळाले. 'अंकुर' (१९७४) मध्ये लक्ष्मी झाली शबाना आझमी, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या तिघी थोर अभिनेत्री आहेत, त्यांच्यावर आमचा रोष नाही. आमचे म्हणणे इतकेच की आपल्या आईचे दुःख पडद्यावर मुख्य झाले तेव्हा ते करायला दुसऱ्या घरची बाई आली. आणि पी. के. रोझीसारखी दलित स्त्री जेव्हा खरोखर नायिका झाली, तेव्हा काय झाले? १९३० च्या सुमारास 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम चित्रपटात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. दलित बाईने सवर्ण बाई व्हावे हे प्रेक्षकांना सहन झाले नाही. पडद्यावर दगड पडले, तिचे घर जाळले गेले, तिला केरळ सोडून तमिळनाडूत पळून जावे लागले. सवर्ण नटी अस्पृश्य झाली तर पुरस्कार, अस्पृश्य नटी सवर्ण झाली तर दगड. भारतीय सिनेमाच्या समाजशास्त्राचा पहिला धडा हा आहे.

पुतळा आणि पाटी

सहाय्यक अभिनेत्री म्हटले की कृष्णवर्णीयांच्या इतिहासात पहिले नाव येते हॅटी मॅक्डॅनियलचे. तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. 'गॉन विथ द विंड' मध्ये तिने 'मॅमी' ही घरकाम करणारी गुलाम स्त्री उभी केली. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा जॉर्जिया राज्यातल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला तिथे जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण ज्या हॉटेलात समारंभ होता तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा ती आत आली, आणि तिला भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवले गेले.

आणखी एक तपशील. त्या काळी मुख्य अभिनेत्रीला ऑस्करचा पुतळा मिळे, सहाय्यक अभिनेत्रीला मात्र पाटी मिळे. म्हणजे सहाय्यक असण्याचा दर्जा बक्षिसाच्या आकारातही होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याच चित्रपटासाठी विवियन लीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवले. मॅमीसाठी त्यांच्याकडे तेव्हा विभागच नव्हता.

१९५२ मध्ये मॅक्डॅनियल वारली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला जागा मिळावी ही तिची शेवटची इच्छा होती. ती दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी होती, तिला नकार मिळाला. आपल्यापैकी ज्यांच्या गावात आजही दोन स्मशानभूमी आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मॅक्डॅनियलवर तिच्याच समाजातून टीका झाली. एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट म्हणत होते की मोलकरणीच्या अशा भूमिका कृष्णवर्णीयांचा अपमान करतात. तिची बाजू अशी होती की प्रत्यक्ष मोलकरीण होऊन मिळाले असते त्यापेक्षा कितीतरी जास्त ती पडद्यावरची मोलकरीण होऊन मिळवते. या वादात कोण बरोबर? आम्हाला वाटते, हा वाद ज्या खोलीत झाला तिची दारे बाहेरून बंद होती, हे आधी बघितले पाहिजे. भूमिका लिहिणारा दुसरा, देणारा दुसरा, बक्षीस ठरवणारा दुसरा. आणि टीका मात्र त्या बाईवर.

आपल्याकडेही असाच एक प्रसंग आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, यांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात ती भूमिका घेणे आवश्यक होते. पण हा प्रसंग सांगताना आपण दोन पुरुषांची नावे घेतो. जिच्या नाचण्या-गाण्यावर ते फड चालत होते ती पवळा हिवरगावकर, महार समाजातली असामान्य कलावंत, तिचे नाव तिसरे येते किंवा येतच नाही. तिला काय वाटले, हे कोणी विचारले? शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पवळाला मुख्य भूमिकेत आणण्याचे काम असे शंभर वर्षांनी, आपल्यातल्याच एका अभ्यासक स्त्रीला करावे लागले.

तीच भूमिका, दोन दर्जे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सहाय्यक म्हणजे नेमके कोण? लोकांना वाटते की ज्याची भूमिका लहान तो सहाय्यक. तसे असते तर प्रश्न सोपा होता.

'ड्रीमगर्ल्स' आधी नाटक होते. त्यात एफी नावाची गायिका आहे. तीन मुलींच्या चमूत सर्वात ताकदीचा आवाज तिचा. पण ती अंगाने जाड, आवाज 'फार काळा', गोऱ्या श्रोत्यांना झेपणार नाही म्हणून व्यवस्थापक तिला मुख्य गायिकेच्या जागेवरून काढून मागे उभी करतो. १९८२ साली ही भूमिका रंगभूमीवर करणाऱ्या जेनिफर हॉलिडेला टोनी पुरस्कार मिळाला, मुख्य अभिनेत्रीचा. २००६ मध्ये चित्रपट आला. बियॉन्सेचे नाव वर गेले आणि तीच एफी करणाऱ्या जेनिफर हडसनला न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तो सहाय्यक अभिनेत्रीचा. पुढे ऑस्करही त्याच विभागात. गोष्टीत जे एफीचे झाले तेच पुरस्कारात एफीच्या भूमिकेचे झाले!

दुसरे उदाहरण 'फेन्सेस'चे. त्यातली रोझ ही भूमिका व्हायोला डेव्हिसने रंगभूमीवर केली तेव्हा २०१० मध्ये तिला मुख्य अभिनेत्रीचा टोनी मिळाला. तिनेच तीच भूमिका चित्रपटात केली तेव्हा २०१७ मध्ये तिला सहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. संवाद तेच, बाई तीच, दर्जा बदलला. ऑस्करसाठी नाव कोणत्या विभागात पुढे करायचे याची गणिते असतात. जिथे जिंकण्याची शक्यता जास्त, तिथे नाव टाकतात. गणित बरोबर निघाले. पण ते बरोबर का निघते? कृष्णवर्णीय बाईला मुख्य विभागात जिंकणे कठीण आणि सहाय्यक विभागात सोपे, हे सगळ्यांना माहीत असते म्हणून. ऑस्करच्या इतिहासात मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार मिळालेली कृष्णवर्णीय स्त्री एकच, २००२ मध्ये हॅली बेरी. सहाय्यक विभागात मात्र मॅक्डॅनियलनंतर ५१ वर्षांनी व्हूपी गोल्डबर्ग, मग हडसन, मोनिक, ऑक्टेव्हिया स्पेन्सर, लुपिता न्योंगो, व्हायोला डेव्हिस, रेजिना किंग, डव्हाइन जॉय रँडॉल्फ अशी रांग लागते.

थोडक्यात, सहाय्यक विभाग ही एक प्रकारची राखीव जागा झाली आहे. इथे आंबेडकरी वाचकाला लगेच पुणे करार आठवला पाहिजे.

मतदार कोण, हा खरा प्रश्न

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांना आधीपेक्षा जास्त राखीव जागा मिळाल्या. गेला तो स्वतंत्र मतदारसंघ. कराराप्रमाणे आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचे पॅनेल निवडायचे आणि मग त्या चारांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने निवडायचे, असे ठरले. आता संयुक्त मतदारसंघात बहुसंख्य कोण? सवर्ण. मग त्या चारांतला कोणता निवडून येणार? जो त्यांना सर्वात कमी त्रासदायक वाटेल तो. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात हे निवडणुकीच्या आकड्यांसह मांडले. कांशीराम साहेबांनी 'चमचा युग' याच दुखण्यावर लिहिले. जागा आमची, पण आमच्यातून कोणाला पाठवायचे हे ठरवणारा हात दुसऱ्याचा.

पुरस्कारांचेही असेच चालते. नुसते 'आमच्या किती जणींना मिळाला' असे मोजून भागत नाही. कोणत्या भूमिकेला मिळाला हे बघावे लागते. मॅक्डॅनियल गुलाम मोलकरीण, ऑक्टेव्हिया स्पेन्सर मोलकरीण, लुपिता न्योंगो गुलाम स्त्री, मोनिक पोटच्या पोरीचा छळ करणारी आई, रँडॉल्फ मुलगा युद्धात गमावलेली शाळेतली स्वयंपाकीण. प्रत्येकीचे काम जिवंत आहे. पण संयुक्त मतदारसंघाला त्या समाजातली कोणती बाई आवडते, याचेही ते चित्र आहे. सोसणारी बाई आवडते. रडणारी आवडते. दुसऱ्याला धीर देणारी फारच आवडते. हसणारी, व्यवसाय करणारी, स्वतःच्या मर्जीने जगणारी बाई मतपेटीत सहसा पोहोचत नाही.

मतदार कोण आहेत याचा एक हिशेब उपलब्ध आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अ‍ॅननबर्ग केंद्राने २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१७ च्या सर्वाधिक कमाईच्या १०० चित्रपटांवरची १९ हजारांहून अधिक परीक्षणे त्यांनी तपासली. त्यांतली सुमारे ८२ टक्के गोऱ्या समीक्षकांची होती आणि सुमारे ७८ टक्के पुरुषांची. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांनी लिहिलेली परीक्षणे किती? जेमतेम ४ टक्के. ज्या बाईच्या आयुष्यावर पडदा उभा आहे, तिच्यासारखी बाई परीक्षकांमध्ये शंभरात चार.

न्यूयॉर्कच्या समीक्षकांची अलीकडची यादी पाहिली तर बदल दिसतो, हेही सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये त्यांनी 'गर्ल्स ट्रिप' या धमाल विनोदी चित्रपटासाठी टिफनी हॅडिशला निवडले. २०१८ मध्ये रेजिना किंगला निवडले, आणि त्याच वर्षी मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार रेजिना हॉलला दिला. १९३५ पासूनच्या इतिहासात त्या मुख्य पुरस्कारावर कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव लागण्याची ती पहिलीच वेळ. २०२२ मध्ये 'नोप'साठी कीकी पामरला निवडले. ऑस्करने हॅडिश, हॉल आणि पामर या तिघींना नामांकनसुद्धा दिले नव्हते. म्हणजे समीक्षक धंद्याच्या पलीकडे बघू शकतात. 'नोप'मधली नायिका आपल्या घराण्याचा घोड्यांचा व्यवसाय अभिमानाने सांगते. जगातल्या पहिल्या हलत्या चित्रांत घोड्यावर बसलेला जो कृष्णवर्णीय स्वार होता, ज्याचे नाव कोणी नोंदवले नाही, तो आमचा पूर्वज होता, असे ती ठणकावते. ही भूमिका सोसणाऱ्या बाईची नाही. इतिहासावर दावा सांगणाऱ्या बाईची आहे.

पण हा बदल आपोआप झाला नाही. २००३ मध्येच कृष्णवर्णीय समीक्षकांनी 'आफ्रिकन अमेरिकन फिल्म क्रिटिक्स असोसिएशन' ही आपली स्वतंत्र संस्था काढली आणि आपले पुरस्कार सुरू केले. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे ऑस्करची अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना गेली, तेव्हा समाजमाध्यमांवर मोहीम उभी राहिली आणि अकादमीला आपले सदस्यत्व बदलावे लागले. आधी स्वतःचा मतदारसंघ उभा राहिला, मग दुसऱ्यांच्या मतदारसंघाला लाज वाटू लागली.

पार्वतीचे कागद

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या याच समीक्षकांनी परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला दिला. कानला त्याला ग्रां प्री मिळालेच होते. मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या दोन परिचारिका आणि एक स्वयंपाकीण यांची ही गोष्ट. स्वयंपाकीण पार्वती, रत्नागिरीकडची, ती केली आहे छाया कदम यांनी. त्याच वर्षी भारताने ऑस्करला पाठवला तो 'लापता लेडीज'. त्यातही छाया कदम, फलाटावर टपरी चालवणारी मंजू माई. 'फँड्री'तली आई त्याच, 'सैराट'मध्ये पळून आलेल्या पोरांना आसरा देणारी बाईही त्याच. 'लापता लेडीज'साठी त्यांना २०२५ मध्ये फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. कलावंताची जात शोधणे हा आमचा मुद्दा नाही. आम्ही भूमिकेची जात बघतो आहोत. कष्टकरी, सावळी, मध्यमवयीन, कोणाच्या तरी मदतीला उभी राहणारी ही बाई मराठी आणि हिंदी सिनेमात कायम 'सहाय्यक' का असते?

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या धुणीभांडी करणाऱ्या दहाबारा बायांसोबत आम्ही हा चित्रपट पाहिला. त्यावर आलेली परीक्षणेही आम्ही वाचली होती. त्यांत मुंबईचा पाऊस होता, एकटेपण होते, निळा प्रकाश होता. चित्रपट संपल्यावर बायांचे पहिले वाक्य आले ते पार्वतीबद्दल. नवरा गेला, राहत्या घराचा एकही कागद तिच्या हाती नाही, बिल्डर तिला बाहेर काढतो आहे. एक मावशी म्हणाल्या, "रेशनकार्डावर पण तिचं नाव नसंल बघा. नवऱ्याच्या नावावर सगळं असतंय, मग तो गेला की आपण भाडेकरू पण नाही." दुसरीने विचारले, "युनियनवाल्यानं लाईटबिल बघितलं का? जुनं लाईटबिल चालतंय पुरावा म्हणून." पुढचा अर्धा तास चर्चा झाली ती झोपडपट्टी पुनर्वसनाची, वारस नोंदीची आणि घर बायकोच्या नावावर का करून घ्यावे याची. पार्वती आणि तिची मैत्रीण बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, त्या प्रसंगाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या होत्या.

ही समीक्षा नाही तर काय आहे? या बायांनी पार्वतीला मुख्य केले. त्यांच्या दृष्टीने हा चित्रपट घराच्या कागदाचा होता. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली ती हीच, की तुम्ही कुठे उभे आहात त्यावर तुम्हाला काय दिसते हे ठरते. ज्यांना निळा प्रकाश दिसला त्यांना तो खरोखर दिसला. ज्यांना कागद दिसला त्यांना कागद खरोखर दिसला. फरक इतकाच की पहिल्यांचे बघणे छापून येते, त्यावर पुरस्कार ठरतात. दुसऱ्यांचे बघणे वस्तीतच विरून जाते.

आपल्या मंचावरचे सहाय्यक

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारताना तो आपल्या मंचालाही लागू करावा लागेल. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. ऐंशी वर्षांपूर्वी आपली बाई अध्यक्षपदावर होती. आज कित्येक जयंती समित्यांच्या पत्रिका उचलून बघा. वीस पुरुषांची नावे, आणि शेवटी 'समस्त महिला मंडळ'. स्वागतगीत त्यांचे, खीर त्यांची, रांगोळी त्यांची, भाषण दुसऱ्याचे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. त्यासाठी चळवळीतल्या बायांना शोधत त्यांना घरोघर फिरावे लागले, कारण चळवळीच्या लिखित इतिहासात त्या कुठेतरी मागे उभ्या होत्या. त्या शीर्षकातला 'ही' अजून आपल्याला पुसता आलेला नाही. रमाईचे नाव आपण घेतो ते त्यागमूर्ती म्हणूनच. त्याग हा सहाय्यक भूमिकेचाच गुण मानला जातो, हे लक्षात घ्या.

मग करायचे काय?

काहीजण म्हणतात, त्यांचे पुरस्कार त्यांना लखलाभ, आपण तिकडे बघूच नये. आम्हाला हे पटत नाही. पुरस्कारामुळे पुढचा चित्रपट मिळतो, मानधन वाढते, भूमिका लिहिणारा तुमचा विचार करून लिहितो. हा रोजगाराचा आणि संधीचा प्रश्न आहे, त्यावरचा हक्क सोडायचे कारण नाही. पण नुसती मागणी करून संयुक्त मतदारसंघाचे मन बदलत नाही, हे पुणे करारानंतरच्या नव्वद वर्षांनी शिकवले आहे.

१९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात बसून राहिले नाहीत, अंक काढत राहिले. दलित साहित्याला 'प्रचारकी' म्हणून हिणवले गेले तेव्हा गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, बाबुराव बागूल, शरणकुमार लिंबाळे यांनी आपली समीक्षा आणि आपले सौंदर्यशास्त्र मांडले. आपल्या कवितेला आपला समीक्षक मिळाला म्हणून ती टिकली. आपल्या सिनेमाला तो अजून पुरेसा मिळालेला नाही. नागराज मंजुळे, पा. रंजित यांच्यावर आपण पोस्ट टाकतो, 'जय भीम' म्हणतो, तिकिटे काढतो. पण भूमिका कोणाला मिळाली, संवाद कोणाला मिळाले, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबला, कोणाला नाव आहे आणि कोण नुसती 'कामवाली' आहे, असे मुद्देसूद लिहिणारे आपल्यात किती?

म्हणून आमचे तीन प्रस्ताव आहेत. एक, जिथे विहार आहे, अभ्यासिका आहे, तिथे महिन्यातून एक चित्रपट दाखवा आणि नंतरची चर्चा बायांच्या हाती द्या. प्रास्ताविक करून त्यांना गप्प बसवू नका. दोन, ती चर्चा लिहून काढा. बोलणारीच्या भाषेत, तिच्या नावासह, तिची परवानगी घेऊन. वर्षभराच्या अशा बारा चर्चा म्हणजे एक छोटे पुस्तक होते, आणि तो मराठीतला एक दस्तऐवज असेल. तीन, जिल्ह्याजिल्ह्यातल्या अशा गटांनी मिळून वर्षाअखेरीला आपली निवड जाहीर करावी. रोख रक्कम नको, ट्रॉफी नको. एक साधे पत्र त्या कलावंताला जावे, की आमच्या वस्तीतल्या बायांनी तुमची भूमिका या वर्षाची मुख्य भूमिका मानली आहे. त्यात 'सहाय्यक' हा विभाग असू नये.

सुरुवात ७ फेब्रुवारीपासून, म्हणजे रमाईच्या जयंतीपासून करू. ज्यांना आपल्या गावात, वस्तीत हे करायचे आहे त्यांनी जागा ठरवावी, पहिला चित्रपट ठरवावा, आणि चर्चेचे अध्यक्षपद कोणत्या बाईकडे असेल तिचे नाव पत्रिकेत सर्वात वर छापावे.

जय भीम!